बागेची चित्रपुस्तके आणि ऋतूचे भाषांतर : तिरुनागेश्वरम् परिसराच्या संदर्भात

बाग फुलविण्याची गोष्ट सांगणारे चित्रपुस्तक हा बालसाहित्यातील वरवर अगदी साधा प्रकार होय. मूल बी पेरते, पाणी घालते, वाट पाहते आणि अखेरीस काहीतरी उगवते, कथानक एवढेच. यातील खरा विषय वाट पाहणे हा असून तो शब्दांपेक्षा पान उलटण्याच्या क्रियेतून व्यक्त होतो. वाट केव्हा व किती पाहावयाची, हे मात्र माती आणि पाऊस ठरवितात. त्यामुळे असे पुस्तक दुसऱ्या भाषेत जाते तेव्हा त्यातील ऋतूचे काय होते, हा प्रश्न तौलनिक अभ्यासाच्या कक्षेत येतो. कुंभकोणमनजीकचे तिरुनागेश्वरम् आणि त्याभोवतीचा कावेरीचा त्रिभुज प्रदेश हा प्रश्न तपासण्यास विशेष उपयुक्त आहे. कारण या प्रदेशात मराठी बोलणारी घराणी आहेत, पण महाराष्ट्राचा पावसाळा नाही.

तिरुनागेश्वरम् येथील नागनाथस्वामी मंदिराच्या स्थलपुराणात या जागेस चाफ्याचे अरण्य म्हटले आहे. जवळच्या ओप्पिलियप्पन मंदिराच्या आख्यायिकेत भूदेवी मार्कंडेय ऋषींना तुळशीच्या झाडाखाली तान्ह्या मुलीच्या रूपाने सापडते. स्वयंपाकात मीठ घालण्याचेही जिला कळत नाही अशा या मुलीसाठी विष्णू अळणी अन्न स्वीकारतो. तेथील नैवेद्य आजही बिनमिठाचा असतो. मूल आणि रोप यांना एकत्र आणणारी कथा या भूमीत अशी पूर्वापार आहे, आणि अंगणातील तुळस हे मराठी घराच्याही ओळखीचे चित्र आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरवर भोसले घराण्याची सत्ता होती. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या आश्रयाखाली इसापच्या कथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर १८०६ मध्ये सिद्ध झाले. मराठी बालसाहित्याच्या इतिहासात त्याचे स्थान आरंभीचे मानले जाते. याच दरबारात औषधी वनस्पतींची लागवड होत होती आणि त्यांची हाताने रंगविलेली चित्रेही तयार करविली जात होती. मुलासाठी मराठी शब्द आणि वनस्पतीचे चित्र हे दोन्ही घटक एकाच नगरात उपलब्ध होते. फक्त ते एका पानावर आले नव्हते. चित्रपुस्तक म्हणजे त्या दोहोंची भेट, असे म्हणता येईल.

आता ऋतूचा विचार करू. महाराष्ट्रातील पेरणी जूनच्या पहिल्या आठवड्यात लागणाऱ्या मृग नक्षत्राशी जोडलेली आहे. मराठी बालपुस्तकातील जूनचे पान म्हणूनच ढग, छत्री आणि ओली माती यांनी भरते. तंजावर भागात मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबरपासून येतो. जूनमध्ये तेथे वाट पाहिली जाते ती नदीच्या पाण्याची. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणातून पाणी सोडण्याचा रूढ दिवस १२ जून हा आहे. परसातील भोपळा, दोडका, वाल यांचे बी मुख्यतः आडि महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यानंतर, पेरले जाते. ‘आडिप्पट्टम् तेडि विदै’, आडीचा हंगाम पाहून पेर, ही म्हण तेथे सर्वतोमुखी आहे. यातून एक विरोधाभास उद्भवतो. पुण्यामुंबईचे पुस्तक तंजावरच्या मराठी मुलाला भाषेने जवळचे असते, ऋतूने परके. तमिळ पुस्तकाच्या बाबतीत याच्या उलट.

मुद्रणाची पद्धत ही अडचण अधिक स्पष्ट करते. चेन्नईत १९९६ मध्ये स्थापन झालेली ‘तूलिका’ ही संस्था तमिळ व मराठीसह नऊ भाषांत चित्रपुस्तके प्रसिद्ध करते. अशा बहुभाषिक छपाईत रंगचित्रे तीच ठेवून केवळ मजकुराची काळी प्लेट बदलता येते. शब्दांचे भाषांतर होते, चित्राचे होत नाही. चित्रात ऋतू असेल तर तोही तसाच राहतो. रूथ क्राउस यांचे ‘द कॅरट सीड’ (१९४५) सहज देशांतर करू शकते, याचे एक कारण असे की मुलगा, माती आणि पाणी यांपलीकडे त्यात स्थळकाळाची खूण जवळजवळ नाही. उलट एरिक कार्ल यांच्या ‘द टायनी सीड’ (१९७०) या पुस्तकाची रचनाच हिमासह चार ऋतूंवर उभी आहे.

तंजावरी मराठीच्या संदर्भात हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्रीय राहत नाही. ही मराठी मुख्यतः घरातली बोली आहे. मुलांचे शिक्षण तमिळ वा इंग्रजी माध्यमातून होते आणि देवनागरी वाचणे सर्वांनाच साधते असे नाही. अशा घरात मजकूर वडीलधाऱ्यांच्या वाणीतूनच मुलापर्यंत पोहोचू शकतो. आजी चित्रावर बोट ठेवून वेल, शेंग, आळे, अंकुर हे शब्द उच्चारते तेव्हा लिपीवाचूनही भाषा पुढील पिढीकडे जाते. पण त्यासाठी चित्रातील रोप अंगणातल्या रोपाशी आणि चित्रातील महिना दाराबाहेरच्या महिन्याशी जुळावा लागतो. तो जुळला नाही तर शब्द पुस्तकातच राहतो.

दोन्ही प्रदेशांचे वेळापत्रक एकत्र येते असा एक प्रसंग मात्र आहे. महाराष्ट्रात घटस्थापनेला मातीत धान्य पेरतात आणि नऊ दिवसांत त्याचे कोंब वाढतात. तमिळ घरांत त्याच नवरात्रात कोलूच्या बाहुल्यांपुढे मोहरी किंवा नाचणी पेरून मुले लहानशी बाग तयार करतात. बी, पाणी, प्रतीक्षा आणि अंकुर हे सारे कथानक येथे नऊ दिवसांत, म्हणजे नऊ पृष्ठजोड्यांत, सामावते. चित्र न बदलता मराठी आणि तमिळ या दोन्ही मजकुरांना ते खरे ठरेल. भाषांतर करावयाच्या पुस्तकाची निवड करताना भाषेच्या नकाशाबरोबर पेरणीचे पंचांगही समोर ठेवावे, हे तिरुनागेश्वरम्‌च्या परिसरावरून दिसून येते.