ऑपरेशन दीड तासाचं, गुडघा नऊ महिन्यांचा

लालबाग-परळच्या कबड्डी मंडळांत कुणाचं ‘लिगामेंट गेलं’ म्हटलं, की ‘कुठलं?’ असं कुणी विचारत नाही. गुडघ्यातलं एसीएल, हे सगळ्यांना ठाऊक असतं. चढाईपटू मध्यरेषेकडे परतताना पाय रोवून अंग वळवतो. मॅटवर बूट घट्ट बसलेला असतो, त्यामुळे पाऊल जागचं हलत नाही आणि वरची मांडी मात्र फिरते. अनेकदा त्या क्षणी कुणाचा धक्काही लागलेला नसतो. आत ‘कट’ असा आवाज होतो आणि काही तासांत गुडघा टम्म फुगतो. ती सूज बहुधा सांध्यात साठलेल्या रक्ताची असते.

एसीएल ही जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीची तिरकी पट्टी. मांडीचं हाड आणि नडगी यांना ती सांध्याच्या मधोमध बांधून ठेवते, नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याला वळताना पडणारा पीळ आवरते. हाड मोडलं तर जुळतं, ही पट्टी मात्र सहसा जुळत नाही. ती सांध्यातल्या द्रवात असते. तिथे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे भरून येण्याची सुरुवातच होत नाही.

फसगत पुढे होते. तीन-चार आठवड्यांत सूज उतरते, मुलगा नीट चालू लागतो. घरचे म्हणतात, चोळून घेतलं म्हणून बरं झालं. मग एक दिवस वळताना गुडघा सटकतो. अशा प्रत्येक सटकण्यात आतली गादी, म्हणजे मिनिस्कस, फाटण्याचा धोका असतो, आणि ते नुकसान जास्त महागात पडतं.

निदान बरंचसं हातानेच होतं. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून डॉक्टर एका हाताने मांडी धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात. धड गुडघ्यात ती एका जागी ठाम अडते, तुटलेल्यात सरकत जाते. एमआरआयने खात्री होते आणि गादीची अवस्थाही कळते. मात्र लिगामेंट तुटलं म्हणून प्रत्येकाने टेबलावर झोपायलाच हवं असं नाही. गिरगावातल्या चाळीचे जिने रोज चढणाऱ्या कारकुनाला स्नायू बळकट करून भागू शकतं, कारण जिना सरळ चढायचा असतो. एसीएलची खरी गरज वळताना आणि उडी मारून उतरताना लागते.

सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर शक्यतो घाई करत नाहीत. तो आधी पूर्ण सरळ व्हावा लागतो. ऑपरेशन दुर्बिणीतून होतं, बहुधा कमरेखाली भूल देऊन. तुटलेली पट्टी शिवण्याऐवजी सहसा नवी बसवतात. गुडघ्याच्या आतल्या बाजूला छोटा छेद घेऊन मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढतात. तिची चौपदरी घडी साधारण आठ मिलिमीटर जाडीची होते. दोन्ही हाडांत तेवढाच बोगदा पाडून ती ओवतात. वरच्या टोकाला धातूची चिमुकली पट्टी असते. सदऱ्याच्या बटणासारखी ती बोगद्यातून उभी जाते आणि पलीकडे आडवी होऊन अडकते. खालचं टोक स्क्रूने आवळतात.

दोरी कुठली घ्यावी, यावर सर्जनांचं एकमत नाही. वाटीखालची दोरी हाडाच्या तुकड्यांसकट काढली तर बोगद्यात लवकर धरते, म्हणून अनेक जण खेळाडूंसाठी ती पसंत करतात. पण नंतर गुडघे टेकताना दुखू शकतं. जमिनीवर झेपावून घोटा पकडणाऱ्या कोपरारक्षकाने हे आधीच विचारून घ्यावं.

आता सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट. बसवलेली दोरी सुरुवातीला निर्जीव असते. तिच्यातल्या पेशी मरतात, हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात, धागे नव्याने विणले जातात. या उलथापालथीत साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सगळ्यात कमकुवत असते. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, कुबड्या सुटलेल्या असतात, दादरला लोकलही पकडता येते. जूनमध्ये ऑपरेशन झालेल्या गोविंदाचा हाच काळ दहीहंडीला आणि पुढे विसर्जनाच्या मिरवणुकीत येतो. ‘फक्त खालच्या थरात उभा राहतो’ म्हणणाऱ्याला मंडळाने घरी पाठवावं.

पहिल्या आठवड्यात टाचेखाली टॉवेल ठेवून गुडघा सरळ करणं आणि मांडीचा स्नायू आवळणं, एवढंच कंटाळवाणं काम असतं. ते टाळणारे पुढे लंगडतात. धावणं तीन-चार महिन्यांनी, वळणं त्यानंतर. मंडळाच्या वर्गणीत ऑपरेशनचा खर्च धरतात, फिजिओचा धरत नाहीत. मला तो हिशेब उलटा वाटतो.

ऑस्लोतल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवलं, तितकी दर महिन्याला पुन्हा दुखापतीची शक्यता साधारण निम्म्याने घटलेली दिसली. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन मुंबईत जानेवारी २०२३ मध्ये झालं. गाडीच्या अपघातातली ती दुखापत मोठी होती, आणि दिमतीला सगळी साधनं असूनही तो सामन्यात उतरला मार्च २०२४ मध्ये.

कॅलेंडरवर नऊ महिने भरले तरी चाचणी उरतेच. एका पायावर उडी मारून किती अंतर जातं, मांडीत ताकद किती, हे मोजतात. दुखऱ्या पायाने धड पायाच्या किमान ९० टक्के तरी गाठावे लागतात. त्यानंतर मॅटवर आधी एकट्याने चढाईची पावलं, मग एकास एक पकड, आणि साखळीत शिरणं सगळ्यात शेवटी. व्यायाम मात्र दोन्ही पायांचे चालू ठेवायचे, कारण परतलेल्या खेळाडूचं दुसऱ्या गुडघ्यातलं लिगामेंटही तुटू शकतं.