लोणारच्या तळाचा गाळ

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर उल्कापातानें पडलेल्या विवरांत आहे, हें पुष्कळांस ठाऊक असतें; त्याच्या तळाशीं काय सांचलें आहे, याची चौकशी मात्र थोडेच करतात. तें पाणी खारें व तीव्र क्षारधर्मी आहे. असें असूनहि सूक्ष्म शेवाळ त्यांत इतकें माजतें, कीं पाणी हिरवेंगार दिसतें. हें शेवाळ सूर्यप्रकाशाच्या बळावर पाण्यांतील कर्ब घेऊन आपलें शरीर घडवितें, थोड्या दिवसांत मरतें आणि तळाकडे जाऊं लागतें.

वाटेंतच जंतू त्याचा फडशा पाडूं लागतात. झाडाच्या पानाकाडीस लाकूडद्रव्याची बळकटी असते. शेवाळास ती नाहीं. त्यामुळें त्यांतील प्रथिनें व शर्करा लवकर नाहींशा होतात, चरबीसारखे चिवट अंश तेवढे मागें राहतात. पुढें खाणारे जंतूहि मरतात व त्यांचीं शरीरें त्याच गाळांत मिसळतात. दुधाचें दहीं व्हावें आणि विरजणहि त्यांतच राहावें, तसा हा प्रकार आहे. तळाशीं प्राणवायु नसला म्हणजे कुजणें मंदावतें, थांबत मात्र नाहीं. तेथें दुसऱ्या जातीचे जंतू गंधकयुक्त क्षारांच्या आधारें निर्वाह करतात. कांठीं सडक्या अंड्यांसारखा दर्प येतो तो त्यांच्याच करणीचा, आणि त्या वायूचा लोहाशीं संयोग झाला म्हणजे गाळ काळा पडतो. तेव्हां गाळाचा सगळा काळेपणा सेंद्रिय द्रव्याचाच, असें समजूं नये.

मग गाळांतील द्रव्य शेवाळाचें कीं कांठच्या झाडांचें, हें ओळखावें कसें? शेवाळांत नत्राच्या एका अणूस कर्बाचे साधारणतः ४ ते १० अणू असतात. जमिनीवरील वनस्पतींत २० किंवा त्याहूनहि अधिक. कसोटी सोपी खरी, पण शेवाळ कुजतांना त्यांतील नत्र आधीं निघून जातो, आणि जंतूंच्या शरीरांमुळें तो पुन्हा वाढतो. यास्तव एवढ्याच आंकड्यावर विसंबणें धोक्याचें. म्हणून शास्त्रज्ञ उरलेल्या चरबीचे अंशहि तपासतात.

इ. स. २००८ मध्यें लोणारच्या तळांतून सुमारें १० मीटर लांबीचा गाळाचा नमुना काढण्यांत आला. सुमारें ११,००० वर्षांचा संचय त्यांत होता. विदर्भावर पाऊस किती शतकें रुसला होता, हें त्यावरून कळलें. गाळांतील सेंद्रिय अंश आणि आटत्या खाऱ्या पाण्यांत तयार होणारे गेलुसाइटचे स्फटिक तपासून दोन दीर्घ अवर्षणकाळ ओळखण्यांत आले: पहिला सुमारें ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वींचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वींचा. हा अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला.

जून २०२० मध्यें हेंच पाणी कांहीं दिवस गुलाबी झालें होतें. मिठांत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळें तसें घडलें, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींत आढळलें. त्यांचीहि भर आतां त्या गाळांत पडली असणार.