कळ आणि तिची पोच

चैत्रात काळभैरवनाथाच्या यात्रेने गजबजणाऱ्या आणि यात्रा पांगली की पुन्हा ज्वारीच्या व पावसाच्या हिशेबात गढून जाणाऱ्या आमच्या सोनारीस, परांडा तालुक्यातील या गावी, गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या भाच्याने संगणकाचा एक कळफलक विकत आणला. खोक्यावर ‘गेमिंग’ हा शब्द ठसठशीत होता, कळांच्या फटींतून सप्तरंगी दिवे लुकलुकत होते, आणि दोन दिवस घरात त्याचे कौतुकही यथास्थित झाले. परंतु तिसऱ्या दिवशी एका कळीची टोपी निघून हातात आली, खाली रबराची एक इवलीशी घुमटी दिसली, आणि भाचा हिरमुसून म्हणाला, ‘‘मामा, ह्यात स्विचच नाहीत!’’

ज्याने उमेदीची वर्षे कचेरीत टंकलेखन यंत्रापुढे काढली, त्याला या उद्गाराचा अर्थ लावण्याची जिज्ञासा व्हावी, यात नवल नाही. आमच्या मुलखात निजामी अमल १९४८ पर्यंत होता. त्या दफ्तराने आमच्या वाडवडिलांना एक गोष्ट पक्की शिकवली, ती म्हणजे अर्ज गुजरल्यावर पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नये. बोट आणि कळ यांचा व्यवहार याच जातीचा आहे. बोटाने अर्ज केला; तो दाखल झाला की नाही, हे बोटाला केव्हा व कशाने कळावे, एवढ्या एका प्रश्नाभोवती स्विचांचे सारे शास्त्र उभे आहे.

जुन्या यंत्रात हा प्रश्नच उद्भवत नसे. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार झाले, आणि पुढे मराठी कचेऱ्यांतून त्याचा खडखडाट पिढ्यान् पिढ्या ऐकू आला. तेथे कळ दाबली की दांडी उसळून फितीवर आदळे आणि कागदावर अक्षर उमटे. पोच डोळ्यांना, कानांना व बोटांना एकदमच मिळे. मराठीत मिनिटाला ३० आणि इंग्रजीत ४० शब्द ही सरकारी परीक्षेची अट आम्ही त्या तालावरच पुरी केली.

स्वस्त कळफलकात रबराची घुमटी दबून खालच्या पापुद्र्यांवरील दोन वाहक ठिपके जुळतात. घुमटी बहुधा तळापर्यंत चेपावी लागते, वापराने तिचा जोम ओसरतो, आणि तीन-चार कळा एकदम दाबल्या असता एखादीची दाद लागत नाही, कारण तारांच्या जाळीत कोणता संकेत कोठून आला याचा घोटाळा होतो. प्रत्येक कळीला स्वतंत्र डायोड दिल्यास हा घोटाळा मिटतो. पळता पळता उडी मारून नेम धरणाऱ्या खेळाडूला दिव्यांपेक्षा याची गरज अधिक.

मेकॅनिकल कळफलकात प्रत्येक कळीखाली स्प्रिंग, सरकता दांडा आणि धातूच्या दोन पट्ट्या असलेली स्वतंत्र डबी असते. या डब्यांचा रूढ नमुना जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात बाजारात आणलेल्या एम-एक्स मालिकेचा. तिच्या पेटंटाची मुदत संपल्यावर गेटरॉन, कैल्ह इत्यादी चिनी कंपन्यांनी तोच घाट आणि बहुतांशी तीच रंगांची परिभाषा उचलली. लाल स्विच सरळ खाली जातो. ४ मिलिमीटरच्या वाटेत २ मिलिमीटरवर, सुमारे ४५ ग्रॅम दाबाने, संकेत जातो आणि बोटाला वाटेत काहीच जाणवत नाही. त्याची पोच पडद्यावरच पाहायची. तपकिरी स्विचच्या दांड्यावर एक हलका उंचवटा असतो. तो ओलांडताना बोटास सूक्ष्म अडखळ लागते, म्हणजे पोच हातोहात मिळते, पण शेजाऱ्याला तिचा पत्ता नसतो. निळा स्विच मात्र टिक् असा खणखणीत नाद करून पोच देतो. विजापुरास १६३२ मध्ये नेली जाण्यापूर्वी मलिक-ए-मैदान ही तोफ परांड्याच्या किल्ल्यावर होती, त्या तालुक्याच्या रहिवाशाने आवाजाला भ्यावे असे नाही. तथापि एका खोलीत चौघे निजलेले असताना रात्री अकरा वाजता ही टिकटिक म्हणजे कलहाला आमंत्रण होय. शिवाय निळी कळ पुन्हा सज्ज होण्यासाठी जेथे दाबली गेली त्याहून बरीच वर यावी लागते, म्हणून तीच कळ लागोपाठ झटपट दाबण्यास ती काहीशी मंद पडते. लिहिणाऱ्याला जी सुखावते तीच खेळणाऱ्याला नडते.

अलीकडे याहून निराळी एक जात आली आहे. एडविन हॉल याने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणाऱ्या या स्विचात लोहचुंबक खाली सरकतो आणि संवेदक त्याचे अंतर सतत मोजत राहतो; पट्ट्यांचे घर्षण नाही, आणि किती खाली गेल्यावर संकेत धरावा हे धन्याने स्वतः ठरवावे. बोट किंचित उचलताच कळ सुटली असे मानण्याची सोयही त्यात असते. परस्परविरुद्ध दिशांच्या दोन कळांपैकी शेवटची आपोआप ग्राह्य धरणारी युक्ती मात्र काउंटर-स्ट्राइक २ या संगणकीय खेळाच्या निर्मात्या व्हॉल्व्ह कंपनीने २०२४ मध्ये आपल्या अधिकृत सर्व्हरांवर निषिद्ध ठरवली. माझ्या मते ते योग्यच झाले. मुखत्यारपत्राने लढलेल्या कुस्तीत चितपटीचे श्रेय कोणाला द्यावे?

एवढा खल झाल्यावर भाच्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. स्विच डाग न देता उपटून बदलता येतील असा कळफलक घ्यावा, कारण आमच्या धुळीत एखादी कळ बिघडणारच, आणि तेवढ्यासाठी सबंध कळफलक टाकणे परवडत नाही. दुसरे असे की, उजवीकडचा अंकांचा गट नसलेला, ८७ कळांचा आटोपशीर फलक पुरे; माउसला जागा मोकळी मिळते. हिशेब लिहिणाऱ्याने मात्र या सल्ल्याकडे दुर्लक्ष करावे.

त्याने तपकिरी घेतला. दुपारी मी त्यावर लिहितो, रात्री तो खेळतो. केंद्र शासनाने १९८६ मध्ये प्रमाण ठरवलेल्या इन्स्क्रिप्ट रचनेत डाव्या हाताकडे स्वर व मात्रा आणि उजव्या हाताकडे मुख्यत्वे व्यंजने येतात. तो ज्या डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर धावतो, त्याच माझ्या ऐकार, ओकार, एकार आणि हलन्ताच्या. वर्ष उलटले नाही तोच त्या चार टोप्या गुळगुळीत होऊन चकाकू लागल्या आहेत. भाचा म्हणतो, ती झीज त्याच्या पळण्याची; मी म्हणतो, निदान डीवरची तरी माझ्या जोडाक्षरांची आहे.