मशीन नाही म्हणून थांबलात?

"आपल्याकडं ते मशीनच नाही हो!" नांदेड-लातूरकडं पीएचडीला लागलेल्या कुणाच्याही तोंडी हे वाक्य ऐकाल. अशा वेळी मला मालेगावचे हौशी दिग्दर्शक शेख नासिर आठवतात.

त्यांच्या 'मालेगाव के शोले'त दरोडेखोर घोड्यांऐवजी सायकलींवर येतात. पुढं 'मालेगाव का सुपरमॅन' करताना क्रेन नव्हती, तर बैलगाडीचीच क्रेन केली. फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटात ही सगळी धडपड बघायला मिळते.

यातून संशोधकानं काय घ्यायचं? यंत्राचं नाव बाजूला ठेवा, त्याचं काम विचारा. क्रेनचं काम काय, तर कॅमेरा सावकाश वर नेणं. ते बैलगाडीनंही झालं.

मी बोअरच्या पाण्यावर काम करतो. महागड्या यंत्राची वाट बघण्यात माझे सहा महिने गेले. खरं तर माझा पहिला प्रश्न होता पाण्याच्या एकूण कठीणपणाचा. तो ब्युरेट घेऊन ईडीटीए टायट्रेशननं काढता येतो.

पण सायकल म्हणजे घोडा नव्हे. त्याच टायट्रेशनवरून पाण्यात शिसं किती, हे सांगता येत नाही. ही मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहायची.

तुमचं अडलेलं यंत्र नेमकं कोणतं काम करतं? आज वहीत एका ओळीत लिहून बघा.