विश्लेषण : धुक्यातल्या बंदरातून नवी चित्रकला… ‘इम्प्रेशनिझम’ची मुळे समुद्रकिनारी कशी?

दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि काठावर झोपडी. जठारपेठेतल्या कुठल्याही मुलाच्या हाती रंगखडू द्या, बहुतेक वेळा हेच चित्र उमटेल. अकोल्याच्या सपाट काळ्या रानात असे दोन डोंगर कुठे दिसतात? मूल पाहिलेले नव्हे, शिकवलेले चित्र काढते. दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसमधील नावाजलेले चित्रकारही काहीसे हेच करत होते. ती सवय मोडण्याची सुरुवात फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर झाली.

आधी काय होत होते?

पुराणकथा आणि इतिहासातील प्रसंग यांना तेव्हा मोठा मान होता. निसर्गचित्र दुय्यम. चित्रकार बाहेर जाऊन कच्ची टिपणे करत. पण खरे चित्र खोलीत बसून, ठरलेल्या पद्धतीने घोटून पूर्ण होई.

बुदँ कोण होते?

युजीन बुदँ यांचा जन्म १८२४ मध्ये नॉर्मंडीतील ओंफ्लर या बंदरगावी झाला. वडील खलाशी. बुदँ उघड्यावर बसून ढग आणि समुद्र रंगवत. आकाशाच्या अभ्यासचित्रांवर ते तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशाही लिहून ठेवत, कारण तासाभराने तेच आकाश वेगळे असते. ल हाव्र शहरात त्यांची ओळख क्लोद मोने या किशोरवयीन मुलाशी झाली. तो तेव्हा लोकांची व्यंगचित्रे विकत असे. बुदँ त्याला सोबत घेऊन बाहेर रंगवायला गेले. आपण चित्रकार झालो ते बुदँमुळे, असे मोने पुढे सांगत.

तंत्राने काय मदत केली?

पूर्वी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरत. ते लवकर वाळत आणि सांडत. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने धातूची दाबायची नळी आणली आणि रंग खिशात मावू लागले. १८४७ पासून पॅरिसहून ल हाव्रपर्यंत थेट रेल्वेही धावू लागली. समुद्र जवळ आला.

‘इम्प्रेशन’ हे नाव कसे पडले?

मोने यांनी १८७२ मध्ये ल हाव्र बंदरातील पहाट रंगवली. धुके, दोन-तीन होड्या, नारिंगी सूर्य. एप्रिल १८७४ मध्ये पॅरिसमधील प्रदर्शनात हे चित्र ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या नावाने लागले. तिथे बुदँ यांचीही चित्रे होती. लुई लरॉय या समीक्षकाने या शब्दावरूनच चित्रकारांची टर उडवली. टिंगलीचे नावच चळवळीला चिकटले. मराठीत तिला ‘दृक्प्रत्ययवाद’ म्हणतात.

फोनवर करून पाहा

हे चित्र फोनवर उघडून कृष्णधवल करा. सूर्य जवळजवळ दिसेनासा होतो! त्याचा उजळपणा भोवतालच्या आकाशाइतकाच आहे. तो उठून दिसतो केवळ रंगाच्या फरकामुळे.

महाराष्ट्राशी नाते काय?

असाच उजेडाचा ध्यास कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांना होता. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते गावी परतले आणि कोटितीर्थ तलाव, रंकाळा व परिसर रंगवत राहिले. पाणी, झाडे आणि बदलता प्रकाश हेच त्यांचे विषय. म्हणूनच त्यांची तुलना दृक्प्रत्ययवाद्यांशी केली जाते. राजर्षी शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर आबालाल यांनी आपली अनेक चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे सांगितले जाते. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. जी चित्रे उरली, त्यांतून शंभर वर्षांपूर्वीच्या कोल्हापूरचा उजेड आजही दिसतो.

मग आपण काय करावे?

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी मुले सराव करतात, तो आवश्यकच आहे. पण एखाद्या रविवारी त्यांना वही घेऊन मोर्णेच्या काठी न्या. सकाळी सातला पाणी कोणत्या रंगाचे दिसते आणि नऊला कोणत्या, एवढेच टिपायला सांगा. कागदाच्या कोपऱ्यात बुदँसारखी वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहायला लावा. चित्र बिघडले तरी चालेल. ते मुलाने स्वतः पाहिलेले असेल.