नागाच्या पोटाची रचना

शिराळा तालुक्यात नाग न पाहिलेला शेतकरी विरळाच. गोरक्षनाथांच्या आख्यायिकेनुसार येथील एका गृहिणीच्या हातून मातीच्या नागाऐवजी जिवंत नागाची पूजा झाली. पुढे कित्येक पिढ्या पंचमीपूर्वी बांध व वारुळे धुंडाळून नाग धरून आणण्याची चाल पडली. मात्र ज्याची पूजा केली, त्याच्या शरीरात काय आहे याची माहिती फारच थोड्यांना असते.

नागाचे शरीर लांब व अरुंद असल्यामुळे आतील इंद्रिये एकापुढे एक अशी मांडलेली असतात. डावे फुप्फुस नाममात्र असते. श्वसनाचे काम लांबट उजवे फुप्फुस करते. त्याच्या लगत पट्टीसारखे यकृत आणि त्यामागे जठर असते. पित्ताशय यकृतास चिकटलेले नसून बरेच मागे, आतड्याच्या आरंभापाशी असते. मूत्रपिंडे दोन, पण समोरासमोर नाहीत. उजवे पुढे व डावे मागे. मूत्राशय नसतोच. मूत्र पांढऱ्या लगद्याच्या रूपाने, विष्ठेप्रमाणेच, शेपटीच्या मुळाशी असलेल्या एकाच द्वारातून बाहेर पडते.

जठरातील रस इतका तीव्र असतो की गिळलेल्या उंदराची हाडेदेखील विरघळतात. केस तेवढे शिल्लक राहतात. असे जठर दुधासाठी नाही. दुधातील साखर पचविण्याची सोय त्याच्या आतड्यात नसते. कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल तो द्रव पितो, त्यावरून त्याला दूध आवडते असा समज झाला. शिवाय श्वासनलिकेचे तोंड त्याच्या जबड्यात अगदी पुढे असते. बळेच पाजलेले दूध तीत शिरले, तर एकुलत्या कामाच्या फुप्फुसास अपाय होतो.

नराची वृषणे पोटातच असतात. समागमाची इंद्रिये दोन असून ती एरवी शेपटीच्या मुळात आत वळलेली असतात. एका वेळी एकच वापरले जाते. मादीच्या अंडाशयांतून निघालेली अंडी अंडनलिकेत येतात व तेथे त्यांवर चिवट, कातड्यासारखे कवच चढते. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या आरंभापर्यंत मादी उंदराच्या बिळात किंवा वारुळात सुमारे १० ते ३० अंडी घालते व बहुधा त्यांची राखण करते. पिले बाहेर पडण्यास सुमारे ५० ते ७० दिवस लागतात. मे महिन्याच्या अखेरीस घातलेली अंडी, या हिशेबाने, जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टच्या आरंभी फुटतात. श्रावणातील पंचमी याच सुमारास येते! पंचमीसाठी बीळ खणणाऱ्याच्या हाती कित्येकदा राखणीस बसलेली मादीच लागत असली पाहिजे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नागास संरक्षण दिले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे शिराळ्यातील जिवंत नागांचे खेळ व मिरवणुका थांबल्या. २०२५ मध्ये केंद्र शासनाने केवळ शिक्षण व पारंपरिक ज्ञानाच्या प्रसारासाठी मर्यादित परवानगी दिली.

भाताचा व भुईमुगाचा उंदरांकडून होणारा नाश प्रत्येक शेतकरी जाणतो. नाग बिळात शिरून उंदीर खातो, हे काम मांजरासही साधत नाही. म्हणून बांध दुरुस्त करताना सुमारे दोन इंच लांबीची, मऊ कवचाची पांढरी अंडी दिसल्यास काम तेथेच थांबवावे. अंडी हलवू अथवा उलटवू नयेत. उलटविल्यास आतील गर्भ मरण्याचा संभव असतो. मादी जवळच असेल हे ध्यानात ठेवून दूर व्हावे व वन विभागास कळवावे. पिलांनाही जन्मापासून विष असते, तेव्हा ती लहान म्हणून हाताळू नयेत. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. रुग्णास चालू न देता तत्काळ सरकारी रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरील लस तेथे मिळते.