सुरक्षेचा मान आणि मजुराचा जीव

गावचा एखादा तरुण पुण्यास किंवा गोव्यास इमारतीच्या कामावर निघाला, की घरची माणसे दोन प्रश्न हमखास विचारतात : रोज किती मिळेल आणि राहण्याची सोय काय? तिसरा प्रश्न आईच्या मनातच राहतो : तो हातीपायी धड परत येईल ना? बांधकामाच्या कंपन्यांना सुरक्षिततेबद्दल पुरस्कार देण्याची जी प्रथा आहे, तिचा संबंध या तिसऱ्या प्रश्नाशी आहे.

एके काळी अमेरिकेतील बांधकाम व्यवसायात असा एक हिशेबच रूढ होता, की दहा लक्ष डॉलर खर्चामागे एक माणूस दगावायचाच. १९३३ साली सॅन फ्रान्सिस्को येथे गोल्डन गेट पुलाचे काम सुरू झाले, तेव्हा मुख्य अभियंता जोसेफ स्ट्राउस यांनी हा हिशेब मान्य केला नाही. त्यांनी प्रत्येकाला टणक टोपी घालण्याची सक्ती केली आणि सुमारे १,३०,००० डॉलर खर्चून पुलाखाली मोठे जाळे बांधविले. त्या जाळ्याने १९ जणांचे प्राण वाचविले. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी मात्र एक अवजड पहाड तुटून जाळ्यासह खाली कोसळला व १० कामगार मृत्यू पावले. संपूर्ण कामात एकंदर ११ जण गेले. पुलाचा खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलर होता. जुन्या हिशेबाने ३५ जण जावयाचे होते. अपघात म्हणजे केवळ दैवाची करणी नव्हे, हे त्या जाळ्याने जगाला दाखविले.

जो मालक असा खर्च करतो, त्याचा चारचौघांत मान व्हावा, म्हणजे इतरांनाही हुरूप येईल, हा पुरस्कारांमागील विचार होय. ब्रिटनमधील अपघात-निवारणाच्या राजमान्य संस्थेने १९५६ साली असे पुरस्कार सुरू केले. आपल्याकडे केंद्रीय श्रम मंत्रालयाने १९६५ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कार स्थापन केले. पाठोपाठ ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद जन्मास आली. म्हणूनच ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळतात. नवी मुंबईत मुख्यालय असलेली ही परिषद बांधकाम क्षेत्रासाठी स्वतंत्र पुरस्कार देते.

पण सुरक्षितता मोजावयाची कशी? एक प्रचलित माप असे : दहा लक्ष मनुष्य-तासांच्या कामात किती जणांना दुखापत झाली, ते पाहावयाचे. १,००० मजूर रोज ८ तास याप्रमाणे महिन्यास २५ दिवस राबले, तर २ लक्ष तास होतात. पाच महिन्यांत दहा लक्ष भरतात. या मापामुळे लहान व मोठ्या कामांची तुलना करता येते.

मात्र येथेच एक धोका दडलेला आहे. केवळ अपघातांचा आकडा पाहून मान द्यावयाचा ठरला, तर अपघात टाळण्यापेक्षा तो लपविणे काहींना सोपे वाटते. बोट चेचलेल्या मजुरास चार पैसे देऊन गुपचूप गावी धाडले, की वहीत दुखापतीची नोंद होत नाही. पोटकंत्राटदाराकडील मजुराचे नाव तर कित्येकदा वहीत मुळी नसतेच. म्हणून जाणते परीक्षक आकड्यावर थांबत नाहीत. ते प्रत्यक्ष जागेवर जातात, पहाडाच्या कडेला कठडा आहे का, खणलेल्या चराच्या भिंतींना आधार दिला आहे का, हे पाहतात आणि मजुरांशी स्वतः बोलतात. एक घनमीटर माती सुमारे दीड टन भरते. ती अंगावर आली, तर माणसाला श्वास घेण्यासही अवसर मिळत नाही.

मजुराचे बोलणे ऐकले जावे, ही अपेक्षा कायद्यानेही मानली आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने ५०० किंवा अधिक मजूर असलेल्या आस्थापनेत सुरक्षा समिती आवश्यक ठरविली आणि तीत मजुरांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी नसावेत, असे सांगितले. पुढे २०२० च्या संहितेत तो कायदा सामावून घेण्यात आला.

तेव्हा वाचकहो, आपला मुलगा कामावर जाऊ लागला, की कंपनीच्या कचेरीत किती ढाली मांडल्या आहेत, हे त्यास विचारू नका. हजेरीपटावर तुझे नाव चढले का? उंचावर चढताना कमरेचा पट्टा देतात का, आणि तो कशाला अडकवितात? पहाड डुगडुगतो असे सांगितले, तर मुकादम ऐकतो की कामावरून काढण्याची धमकी देतो? असे विचारा. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर ती कंपनी मानास पात्र आहे, मग तिच्या भिंतीवर प्रशस्तिपत्र असो वा नसो. सायंकाळी काम सुटल्यावर सकाळी आलेले सर्व हात शाबूत घरी परतावेत, याहून मोठा पुरस्कार कोणता?